चंद्याला टेम्पोत चढवताना

आमच्या चंद्या बैलाने मला उचलून उकिरड्यावर ठेवलं, यात त्याची काही चूक नव्हती.

बाबा गेले आणि कामठीपलीकडच्या गावी आई एकटी राहिली. तिला मी नागपुरात जरीपटक्याला माझ्याकडे नेणार होतो आणि चंद्याला मामाच्या शेतावर पाठवणार होतो. (दुसऱ्या मजल्यावर बैल ठेवायला सोसायटीने हरकत घेतली असती!) पण आईची अट होती, "तो सुखरूप गेल्याबिगर मी उंबरठा ओलांडत नाही." आणि चंद्या तर बाबा गेल्यापासून फाटकाकडे तोंड करून उभा. वैरणीला तोंड लावेना, जागचा हलेना.

"मी चढवतो त्याले टेम्पोत," मी म्हणालो.

"तू?" आई म्हणाली. त्या एका अक्षरात माझी सगळी लायकी आली!

मी लहानपणापासून शिकायला नागपुरात मावशीकडे, आणि आता तिथल्याच गांधीबागेच्या बाजारात कापड विकतो. बैलांचा माझा अनुभव तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोरांच्या पोळ्याचा. लाकडी बैल, खाली चाकं. दोरी धरायची आणि मागे न बघता ऐटीत चालायचं! (एकदा स्टीलचा डबा बक्षीस मिळाला होता, म्हणजे मी अगदीच नवखा नव्हतो.) तेव्हा मी कासरा मनगटाला गुंडाळला, चंद्याकडे पाठ केली आणि निघालो.

"अगा, कासरा हाताले गुंडाळू नको! पाठ काहून देऊन राहिला त्याले?" आई ओरडली.

"आई, मले सगळं..." पुढचं वाक्य मी उकिरड्यावर पूर्ण केलं. नशीब, कासरा सुटला होता, नाहीतर मी फरफटत गेलो असतो.

टेम्पोवाला केबिनमध्ये शिरून काच वर करून बसला.

"त्याच्या खांद्यापाशी उभा राय," आई म्हणाली. "मानेवर हात ठेव, अन् बोलत राय. तुझे बाबा तसंच करत."

"काय बोलत?"

"ते त्या दोघांचं! मी काय ऐकत बसत होती?"

मला दुकानातलंच बोलणं येतं. "या शेठ, आत या! पाहायचे पैसे नाही लागत!" चंद्याने कान हलवला. मी रंग पक्का असल्याची हमी दिली, भावात कमीजास्त करायचं कबूल केलं. मग बोलणं संपलं. त्याची मान हाताला गरम लागत होती आणि तो अजून फाटकाकडेच बघत होता. सगळ्या नातेवाइकांना आम्ही फोन केले होते. याला कोणी सांगितलंच नव्हतं.

"चंद्या, बाबा नाही येत आता," मी म्हणालो, आणि मला रडू फुटलं. घाटावर मी रडलो नव्हतो, तेराव्याला वाढपाच्या घाईत होतो. आता बैलाच्या मानेवर तोंड ठेवून, शेणाने माखलेला, हमसून हमसून रडलो. मध्येच कधीतरी तो चालायला लागला. त्याला धरून मीही चाललो.

खाडकन आवाज आला म्हणून डोळे उघडले. टेम्पोची मागची बाजू फाटकाबाहेरच्या उंच बांधाला टेकवून लावलेली होती. चंद्या सरळ आत चालत गेला होता आणि मीही! मागून टेम्पोवाल्याने फाळका लावून टाकला होता.

"काकू, यातला न्याचा कोणता?" त्याने विचारलं.

आई पदराने डोळे पुसत आली. चंद्याच्या कपाळावर तिने बराच वेळ हात ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं.

"ज्याले समज आहे तो ने, बाबू," ती म्हणाली. "दुसरा राहू दे माह्यापाशी."

मी मुकाट्याने खाली उतरलो.