कॉर्कमधल्या दोन खोल्या

श्यामला आठल्ये कोल्हापूरच्या एका मुलींच्या शाळेत गाणं शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्या आणि त्यांचे यजमान पुरुषोत्तमराव मुलाकडे, राघवकडे, ऑकलंडला आले आणि ओटाहुहू उपनगरातल्या एका शांत गल्लीत रुळले. राघव ईस्ट टामाकीच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता, सून विनिता बँकेत. नात इरा मराठी सगळं समजून घ्यायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. श्यामलाताईंचा दिवस स्वयंपाक, कपड्यांच्या घड्या, डेअरीतून दूध आणणं आणि संध्याकाळी पुरुषोत्तमरावांच्या बातम्या यांत कसा सरायचा ते कळायचं नाही. तक्रार अशी काही नव्हती. गाणं तेवढं भांडी घासताना व्हायचं, तेही नळाच्या आवाजाखाली.

शेजारी नोराबाई राहायच्या. वय पंचाहत्तरीच्या पुढचं, आयर्लंडमधल्या कॉर्क शहराच्या, लग्न करून इकडे आलेल्या त्या पुन्हा कधी गेल्याच नाहीत. दोघींची मैत्री कुंपणावरून झाली. नोराबाईंच्या झाडाला पेरूसारखे हिरवे फिजोआ ढिगाने लागायचे. त्या पिशवी भरून द्यायच्या आणि श्यामलाताई त्यांचा मुरांबा करून बरणी परत करायच्या. श्यामलाताईंचं इंग्रजी बेताचं, पण नोराबाई बोलायला लागल्या की त्यांना शब्दांआधी सूरच ऐकू यायचा. प्रत्येक वाक्य शेवटी जरासं वर चढायचं.

२००६च्या एप्रिलमध्ये मुलगी उत्तरा हिने आईबाबांना लंडनला बोलावलं. न्यूझीलंडचा पासपोर्ट नुकताच हातात आला होता, त्यामुळे व्हिसाची कटकट नव्हती. राघव म्हणाला, "एवढ्या लांब जाताय तर अजून एखादं शहर बघून या."

नोराबाईंना हे कळलं मात्र, त्या चपला न घालताच कुंपणापाशी आल्या. "शॅम, कॉर्कला जा! नदी तिथे दोन फाटे होऊन वाहते आणि गाव मधल्या बेटावर वसलंय. वर टेकडीवर शँडनचं चर्च. त्याच्या घंटा कुणीही जाऊन वाजवू शकतो. माझं सगळं लहानपण त्या घंटांच्या खाली गेलं. ज्यांना वाजवता येत नाही तेच सगळे येऊन वाजवायचे! आणि राहायचं माझ्या मावसबहिणीकडे, ब्रीडाकडे. चर्चच्या मागच्याच गल्लीत तिच्याकडे पाहुण्यांच्या खोल्या आहेत."

श्यामलाताईंनी मनात तिथेच ठरवून टाकलं. घरी येऊन बघतात तर पुरुषोत्तमरावांनीही ठरवून टाकलं होतं. ते संगणकापुढे बसले होते आणि पडद्यावर एका मोठ्या हॉटेलची खिडकी होती, खिडकीखाली नदी.

"हे बघ. थेट नदीवर. लिफ्ट आहे, बाथटब आहे."

"नोराबाईंच्या बहिणीकडे राहायचं म्हणत होते मी."

"टेकडीवर? तुझे गुडघे काय म्हणतील?"

"माझे गुडघे माझ्याशी बोलतील. तुम्ही कशाला मध्ये पडता?"

पुरुषोत्तमरावांनी सारी नोकरी पाटबंधारे खात्यात काढली होती. नदी दिसली की त्यांना तिच्या कुशीत शिरल्याशिवाय चैन पडायचं नाही. महाबळेश्वरला नेलं तरी ते धरणच बघत बसत. आजवर प्रत्येक प्रवासात मुक्काम त्यांनीच ठरवला होता आणि श्यामलाताईंनी फक्त पिशव्या भरल्या होत्या. या वेळी मात्र आठवडा झाला तरी दोघंही हटेनात. एकदा जेवताना पुरुषोत्तमरावांनी त्या हॉटेलबद्दल लोकांनी काय काय चांगलं लिहिलंय ते वाचून दाखवायला घेतलं. दुसऱ्या दिवशी श्यामलाताईंनी ब्रीडाच्या हातच्या सोडा-ब्रेडचं असं वर्णन केलं, जणू त्यांनी तो कालच खाल्ला होता.

राघव वैतागला. "आई, बाबा, कुणीतरी एकाने माघार घ्या ना! बुकिंग संपेल."

श्यामलाताईंनी पोळी तव्यावर टाकली. मागे न बघता त्या म्हणाल्या, "माघार कशाला? यांनी हॉटेलात राहावं. मी ब्रीडाबाईंकडे राहते."

विनिताच्या हातातला वरणाचा डाव हवेतच राहिला.

"म्हणजे... वेगवेगळे?" राघवने विचारलं.

"एकाच गावात आहेत की दोन्ही. मध्ये पूल आहे."

पुरुषोत्तमराव आधी हसले आणि मग म्हणाले, "ठीक आहे. बघू कोण पहिल्या रात्री पळत येतं ते."

"स्वीट ॲज," म्हणजे झकास, असं राघव तिथल्या बोलीत म्हणाला आणि कपाळाला हात लावून बुकिंग करायला गेला.

जूनमध्ये दोघं लंडनहून कॉर्कच्या विमानतळावर उतरली. टॅक्सीने आधी पुरुषोत्तमरावांना नदीकाठच्या हॉटेलापाशी सोडलं. काचेच्या दारातून आत जाताना त्यांनी वळून हात केला, तो नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. मग टॅक्सी पूल ओलांडून चढाला लागली. गल्ल्या इतक्या अरुंद की गाडीचे आरसे भिंतींना विचारून पुढे जात होते. चर्चचा मनोरा वर आला. त्याच्या दोन बाजू तांबड्या दगडाच्या, दोन पांढऱ्या आणि टोकाला वाऱ्याबरोबर फिरणारा सोनेरी मासा. त्या मनोऱ्याच्या चार घड्याळांचं एकमेकांशी पटत नाही, हे टॅक्सीवाल्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं.

ब्रीडा ठेंगणी, लालबुंद गालांची आणि बोलण्यात नोराबाईंच्या दुप्पट वेगाची होती. तिने श्यामलाताईंना मिठी मारली, त्यांनी आणलेली मुरांब्याची बरणी छातीशी धरली आणि वरची खोली दाखवली. छत तिरकं, पलंग एकच, खिडकीबाहेर कौलं. दार लावून ब्रीडा खाली गेली.

श्यामलाताई पलंगावर बसल्या. आता काय करायचं? चहा कुणाला विचारायचा नव्हता. "माझा चष्मा कुठाय" असं कुणी ओरडत नव्हतं. माहेरी त्या तीन बहिणींत एका खोलीत वाढल्या, सासरी एकत्र कुटुंब, नंतर सरकारी क्वार्टर्स, मग मुलाचं घर. दार लावलं की आत आपण एकट्याच, असं आयुष्यात प्रथमच घडत होतं. क्षणभर त्यांना भीतीच वाटली. खाली जाऊन ब्रीडाशी बोलत बसावं असं आलं मनात. पण त्या उठल्या नाहीत. त्यांनी अंबाड्याच्या पिना काढल्या, पलंगावर आडव्या पडल्या आणि हात दोन्हीकडे पसरले. मग आपल्याच आगाऊपणाचं हसू येऊन एकट्याच खुदकन हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पाव आणि लोणी खात होत्या, तोच बेल वाजली. ब्रीडा दाराशी गेली. तिचा आवाज आतपर्यंत आला.

"पुरुष पाहुण्यांना वर जायची परवानगी नाही, साहेब. बैठकीत बसा."

"अहो, पण मी तिचा नवरा आहे!"

"सगळे तेच म्हणतात."

श्यामलाताईंच्या घशात पाव अडकता अडकता राहिला. ब्रीडा गंभीर चेहऱ्याने आत आली. "तुम्हाला भेटायला एक गृहस्थ आलेत. दमलेले दिसतात. सांगू का, की तुम्ही घरी आहात?"

"सांगा, पाच मिनिटं थांबा म्हणावं," श्यामलाताई म्हणाल्या आणि चक्क वर जाऊन त्यांनी साडी बदलली. अबोली रंगाची नेसल्या, जी एखाद्या समारंभासाठी राखून ठेवली होती.

पुरुषोत्तमराव खुर्चीच्या कडेवर अवघडून बसले होते, टोपी हातात, एखादा स्थळ बघायला आलेला मुलगा बसावा तसे. "माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या तुझ्या बॅगेत राहिल्या," ते म्हणाले. मग त्यांचं लक्ष साडीकडे गेलं. "कुठे निघालीस की काय?"

"ते तुम्ही सांगायचं. भेटायला तुम्ही आलात."

त्या दिवशी दोघं गावभर हिंडली. छप्पर घातलेल्या जुन्या बाजारात शिरली आणि पहिल्याच वळणावर टांगलेलं मांस बघून नाक दाबून चीज आणि ऑलिव्हच्या बाजूला पळाली. दुपारी पुरुषोत्तमरावांनी त्यांना पुलाच्या कठड्यापाशी उभं केलं. त्यांचे डोळे चमकत होते.

"ती काडी दिसतेय? कुठे चाललीय बघ."

काडी समुद्राकडून गावाकडे, उलटी वर चालली होती.

"भरती. समुद्र इथवर आत येतो. सकाळी माझ्या खिडकीखाली नुसता चिखल होता, मी म्हटलं फसवलं लेकांनी! आणि तासाभरात नदी माघारी फिरली. जन्मभर नद्या बघितल्या मी, पण अशी डोळ्यांदेखत उलटी फिरणारी पहिलीच. मध्यरात्रीही उठून बघणार आहे आज."

"बघा की. तुमची झोपमोड झाली तरी माझी होणार नाही."

दोघांनाही हसू आलं. संध्याकाळी पुलावरच निरोप झाला. पुरुषोत्तमरावांनी विचारलं, "उद्या किती वाजता?" हा प्रश्न त्यांनी लग्नाआधीही कधी विचारला नव्हता, कारण लग्नाआधी ते भेटलेच मुळी एकदा, आणि तेही चुलत्यांच्या देखत.

तिसऱ्या दिवशी भेट पुलावर ठरली होती. श्यामलाताई वेळेआधीच निघाल्या आणि वाटेत चर्च लागलं म्हणून आत गेल्या. अरुंद गोल जिना चढून पहिल्या मजल्यावर आल्या. तिथे भिंतीलगत आठ दोऱ्या एका रांगेत होत्या. एक जोडपं हाताशी पुठ्ठ्याचं कार्ड धरून, त्यावरचे आकडे बघत बघत दोऱ्या ओढत होतं. वरून जे ऐकू येत होतं त्यावरून ते कुठलं गाणं आहे हे त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांचं झाल्यावर देखरेखीला बसलेल्या म्हाताऱ्याने श्यामलाताईंपुढे कार्डांचा गठ्ठा धरला.

"कार्ड नको," त्या म्हणाल्या.

त्यांनी एकेक दोरी ओढून बघितली. सा. रे. ग. सगळं सप्तक नीट लागलं होतं. चौथी आणि सातवी, मध्यम आणि निषाद, या दोऱ्यांना हात लावायचा नाही असं ठरवलं की उरतो तो भूप राग. त्यांनी षड्ज वाजवला आणि थांबल्या. घंटेचा नाद संपायला तयार नव्हता. घाई केली तर स्वर एकमेकांत मिसळून नुसता गोंधळ होणार, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. घंटेवर मींड घेता येत नाही, हरकत घेता येत नाही. एक स्वर लावायचा आणि त्याला हवं तितकं राहू द्यायचं. सा, रे, ग... गंधारावरून पंचम. पंचमावर त्या थांबल्या. मग धैवत आणि वरचा षड्ज.

वर्षानुवर्षं त्यांनी मुलींना शिकवलं होतं, स्नेहसंमेलनं बसवली होती, पाहुण्यांसाठी स्वागतगीतं बसवली होती. स्वतःसाठी असं काही वाजवल्याचं आठवत नव्हतं. आणि आता वाजवत होत्या तर सगळं गाव ऐकत होतं! दोऱ्या जड होत्या, खांदे भरून आले, पदर दोनदा घसरला. खालून लोक जिना चढून येऊन ऐकत उभे होते. म्हाताऱ्याने पुढच्या माणसाला हातानेच थांब म्हणून खूण केली. शेवटचा षड्ज वाजवून त्यांनी दोरी सोडली तेव्हा तळहात लाल झाले होते. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. श्यामलाताई इतक्या लाजल्या की कुणाकडे न बघता जिना उतरून बाहेर आल्या.

समोरून पुरुषोत्तमराव चढ चढून येत होते. टोपी नव्हती, धाप लागली होती. लिफ्टवाल्या हॉटेलातला माणूस चक्क पळत आला होता.

"अगं, भूप..." एवढंच बोलले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"कसं कळलं मीच म्हणून?"

"पंचमावर तू थांबतेस तसं दुसरं कोण थांबतं?" ते म्हणाले. "पुलावर होतो. आधी काहीतरी खडखडाट चालला होता, आणि मग तू."

श्यामलाताईंनी पदर सावरला. जन्मभर त्यांची समजूत अशी, की हा माणूस बातम्यांशिवाय काही ऐकत नाही. "तुम्ही ऐकायचात?"

"घरात चालू असायचं ना. ऐकू यायचंच." त्यांनी चर्चमागच्या गल्लीकडे बघितलं. "ब्रीडाबाईंकडे खोली मिळेल का गं? दोन दिवस राहिलेत. इथेच येतो मी."

श्यामलाताईंना गलबलून आलं. पण तिरकं छत, ती कौलं आणि ते दार त्यांच्या डोळ्यांपुढे आलं.

"नको," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "तुमची नदी सोडून कशाला येता? उद्या भेटूच की."

पुरुषोत्तमराव इतके मोठ्याने हसले की चर्चच्या पायरीवरची कबुतरं उडाली. "बरं. मग आत्ता माझ्याकडे चल. खोलीत किटली आहे. चहा करतो."

तो चहा त्यांनी खरंच केला. नदीकडच्या खिडकीशी श्यामलाताईंना खुर्ची दिली आणि स्वतः त्या एवढ्याशा पुड्या फोडत बसले. दूध आधी की नंतर ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि श्यामलाताईंनी मुद्दाम सांगितलं नाही. चहा कोमट आणि गढूळ झाला होता. तरी श्यामलाताईंनी दोन कप घेतला.

ऑकलंडला परतल्यावर नोराबाईंना हे सगळं सांगताना "सगळे तेच म्हणतात" यापाशी नोराबाईंनी कुंपण घट्ट धरलं आणि त्या डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. "ब्रीडा बदलली नाही!" मग त्यांनी घंटांबद्दल पुन्हा पुन्हा विचारलं.

त्या हिवाळ्यात श्यामलाताईंनी गल्लीच्या टोकाच्या सभागृहात गाण्याच्या वर्गासाठी शनिवारी सकाळची वेळ मागून घेतली. पहिल्या वर्गाला पाच मुलं आली. चार मराठी आणि एक समोरच्या, टोंगा बेटांवरून आलेल्या कुटुंबातली मोठ्या आवाजाची मुलगी, जिला सा लावायला सांगितल्यावर तिने असा लावला की खिडक्या थरथरल्या. "हळू गं बाई," श्यामलाताई मराठीतच म्हणाल्या, आणि तिला ते कळलं.