कोरडी ड्यूटी

पोलिसात बाईला भरती करून घेताना तिची उंची मोजतात, तिला पळायला लावतात, गोळा फेकायला लावतात. ती किती तास लघवी दाबून धरू शकते हे मात्र कुणी मोजत नाही. पुढं सगळी नोकरी त्यावरच चालते. हे वाचून कुणाच्या नाकाला मिरच्या झोंबत असतील तर झोंबू द्या, माझं निम्मं आयुष्य त्या खात्यात गेलंय.

‘कोरडी ड्यूटी’ हा शब्द कुठल्या नियमावलीत सापडायचा नाही. तो आम्हा बायकांचा. सकाळच्या हजेरीत ड्यूट्या वाचून झाल्या की आम्ही एकमेकींना हळूच विचारायचो, “ओली का कोरडी?” जवळपास संडास असेल ती ओली, नसेल ती कोरडी. कोरड्या ड्यूटीला निघताना अर्धा कप चहा, तोही सहाच्या आत. मग घरी परत येईपर्यंत घोटभरही पाणी नाही. फारच घशाला कोरड पडली तर चूळ भरायची आणि थुंकून टाकायची. हे मला एका थोरल्या बाईनं शिकवलं आणि मी पुढच्या पोरींना शिकवलं. पुरुष शिपाई दिसेल त्या भिंतीकडं तोंड करून मोकळे व्हायचे आणि आम्ही आपल्या सहनशक्तीची फुशारकी मारायचो. आज त्या फुशारकीची मला शिसारी येते.

दुष्काळाची वर्षं होती. पैठणचं धरण तळाला गेलेलं, शहराला आठ-आठ दिवसांनी पाणी. गारखेड्याच्या पलीकडं जिथं नव्या वसाहती वाढत चालल्या होत्या, तिथल्या पाण्याच्या टाकीवर टँकर भरायचे. माणसं टँकर अडवायची, पाइप ओढायची, पाणी सोडणाऱ्या माणसाच्या अंगावर जायची. बायका हंड्यांनी एकमेकींची डोकी फोडायच्या, म्हणून तिथं दोन महिला पोलिस लागायच्या. दिवसभर डोळ्यांसमोर पाण्याची धार आणि आम्ही दोघी तिच्यावर पहारा करत कोरड्या ठणठणीत उभ्या.

मी नोकरीला लागले तेव्हा त्या टाकीच्या मागं सगळं रान होतं. बाभळी होत्या, घाणेरी होती, एकीनं उभं राहून लक्ष ठेवायचं आणि दुसरीनं जाऊन यायचं. मग तिथं प्लॉटिंग झालं. दगड रोवले, तारा ओढल्या, भिंती उठल्या. उरलेली झुडपं दुष्काळानं जाळली. शहर वाढलं, सुधारलं, आणि आम्हाला आडोसा म्हणून एक झाड राहिलं नाही.

टाकीसमोरच्या घरात एक मुसलमान बाई राहायची. आम्ही तिला खाला म्हणायचो. आधी ती आम्हाला हक्कानं आत घ्यायची. त्या उन्हाळ्यात एक दिवस ती दारातच उभी राहिली आणि खाली मान घालून म्हणाली, “बेटी, पानी नै है घर में. एक बाल्टी लगती ना. नै तो मैं नक्को बोलती क्या?” मला तिचा राग आला. तिच्या घरात किती घागरी आहेत हे आत शिरून बघावंसं वाटलं. तिच्यावर रागावण्याचा मला काय हक्क होता, हे तेव्हा सुचलं नाही. ती बिचारी निदान तोंडावर खरं बोलली होती.

आमच्या ड्यूट्या लावणारा हवालदार, त्याला आम्ही हजेरी मास्तर म्हणायचो, त्याच्याकडं मी गेले. म्हटलं, तिथं जायला जागा नाही, दुपारी तासभर बदली द्या. तो वहीतून मानसुद्धा वर न करता म्हणाला, “पॉइंट सोडला तर कसुरी लिहीन.” कसुरी म्हणजे सर्व्हिस बुकावर डाग. मी परत फिरले.

त्याच सुमाराला माझ्या जोडीला एक नवी पोरगी आली. पैठणकडच्या धनगराची लेक. बाप मेंढरं घेऊन फिरणारा, ही घरात पहिली नोकरीला लागलेली. नवरा कंपनीत कामाला, बजाजनगरात भाड्याची खोली. मला ‘ताई’ म्हणायची. कामाला चपळ, तोंडाला फटकळ, हंड्यांच्या भांडणात बिनधास्त शिरायची. आठ-पंधरा दिवसांत तिनं मला सांगितलं, की तिला दिवस गेलेत.

“ऑफिसात सांगू का, ताई?” तिनं विचारलं.

मी म्हणाले, “तीन महिने होईपर्यंत बोलू नये. आणि आत्ता सांगितलंस तर म्हणतील, आल्या आल्या बसायची ड्यूटी पाहिजे.” हे म्हणणाऱ्यांत मी पहिली होते. कुणी पोटुशी झाली आणि तिला ठाण्यात बसवलं की आम्हीच मागून कुजबुजायचो, हिला सावली आणि आम्हाला टँकर. तिला ते ठाऊक होतं. तिनं ऑफिसात सांगितलं नाही.

पाणी कधी प्यायचं, किती प्यायचं, हेही मीच तिला शिकवलं. ती म्हणायची, “लई तहान लागती, ताई, पोटात आग पडल्यावानी होतं.” मी म्हणायचे, सवय होईल.

मधेच एकदा आम्हाला प्रशिक्षणाला बसवलं. विषय ‘जोखीम व्यवस्थापन’. बाहेरून आलेला एक माणूस पडद्यावर चौकोन दाखवत होता. धोका ओळखा, शक्यता ठरवा, उपाय करा. दार बंद, पंखा बंद, पुढच्या रांगेत साहेब. शेवटी प्रत्येकाला एक कागद दिला, आपापल्या पॉइंटवरचा एक धोका लिहा म्हणून. पोरगी माझ्या कानाशी आली. “जागा नाय, असं लिहू का?”

मला हसू आलं. “वेडी आहेस का? मोठ्यानं वाचून दाखवतील. हॉलभर हसतील.”

तिनं ‘दगडफेक’ लिहिलं. मीही तेच लिहिलं. त्या टाकीवर कुणी कधी दगड उचललेला मी पाहिला नव्हता.

नंतरच्या आठवड्यात तिला ताप येऊ लागला. कंबर धरून उभी राहायची. लघवीला जळजळ होते म्हणाली, मी म्हटलं उन्हानं होतं, घरी गेल्यावर जिरेपाणी घे. एका दुपारी टँकर भरत असताना ती पाइपाशेजारीच कोसळली. टँकरवाल्यानं आणि मी तिला उचलून रिक्षात घातलं. डॉक्टरीण बाईनं सांगितलं, लघवीतला संसर्ग वर किडनीपर्यंत गेलाय, ताप डोक्यात चढलाय. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं मूल गेलं. तिसरा महिना सरत आला होता.

हे एवढ्यावरच दबलं असतं. पण त्या दुपारी गर्दीतल्या कुणीतरी फोटो काढला आणि पेपरात बातमी आली, की पाण्याच्या टाकीवरच महिला पोलिस तहानेनं कोसळली. वरून खुलासा मागवला गेला. आमच्या साहेबांनी मला बोलावलं. बंदोबस्ताची आखणी त्यांचीच होती. म्हणाले, “तुम्ही बाई आहात, सोबत होतात. दवाखान्यात जा आणि तिचा जबाब घ्या. पिण्याच्या पाण्याची सोय होती, एवढं त्यात स्पष्ट आलं पाहिजे.”

मी गेले. ती खाटेवर कुशीवर पडलेली, हाताला सलाइन. मी स्टूल ओढलं, कागद मांडीवर घेतला. तिनं नाव, बक्कल नंबर, तारीख सगळं नीट सांगितलं, शिकवल्याप्रमाणे. मग म्हणाली, “लिहा. टाकीवर पानी लई होतं. मुतायला जागा नव्हती म्हनून म्या पीत नव्हते. माझं लेकरू पान्यावाचून नाय गेलं.”

मी तसंच लिहिलं. पाणी न पिणं तिला कुणी शिकवलं, हे तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

साहेबांनी कागद वाचला आणि टेबलावर आपटला. “मुतायला? बाई, सरकारी कागद आहे हा. असले असभ्य शब्द चालतात का?”

ज्या ठाण्यात दिवसभर आया-बहिणींचा उद्धार होतो, जिथं फिर्याद द्यायला आलेल्या म्हाताऱ्याला शिवी घातल्याशिवाय खुर्ची मिळत नाही, तिथं हा शब्द असभ्य ठरला. मी तिथंच बसून तो खोडला आणि वर ‘नैसर्गिक विधीसाठी’ असं लिहिलं. त्यांनी पुन्हा वाचलं. पेनानं टेबलावर टकटक केलं. आता वाक्य सभ्य झालं होतं, त्यामुळं त्याचा अर्थही त्यांना नीट कळला.

“हे वर गेलं तर विचारतील, पॉइंट कुणी ठरवला. नकोच ते वाक्य. पाणी उपलब्ध होतं, प्रकृतीच्या कारणामुळं मी प्यायले नाही, एवढं ठेवा. पुन्हा लिहून आणा आणि सही घ्या.”

मी म्हणाले, “साहेब, ती तसं बोलली नाही.”

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. “दिवसभर तुम्हीच होतात ना तिच्यासोबत? तिला तुम्ही पाणी का नाही पाजलं? तुमचाही जबाब घ्यायचा का?”

हाडामांसात भिनलेला असा भित्रेपणा मी त्याआधी स्वतःत कधी पाहिला नव्हता. दगडफेकीला मी कधी भ्यायले नसते. पण माझा जबाब झाला असता तर कोरडी ड्यूटी कुणी कुणाला शिकवली, हे बाहेर आलं असतं. मी ठाण्याच्या बाकावर बसून नवा कागद घेतला आणि सुबक अक्षरात सगळं पुन्हा लिहिलं. ते वाक्य गाळलं. लेकराचं वाक्यही गाळलं, त्याबद्दल तर साहेब एक शब्दही बोलले नव्हते.

दुपारी पुन्हा दवाखान्यात गेले. ती उठून बसली होती. मी कागद पुढं केला आणि म्हणाले, “साहेबांनी थोडं बदलायला लावलं.”

तिनं कागद हातात घेतला. घाई केली नाही. एकेक ओळ बोट ठेवून वाचली. वाचून झाल्यावर माझ्याकडं बघत राहिली. रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

“साहेबानं सांगितलं व्हय,” ती म्हणाली. “पन अक्षर तर तुमचं हाय.”

त्या दिवशी तिनं मला ताई म्हटलं नाही.

मी म्हणाले, सही केलीस तर रजा लवकर मंजूर होईल, उगाच चौकशीचं लचांड मागं लागणार नाही. मी आणखीही काही काही बोलले. ती ऐकत नव्हती. तिचं बोट शेवटच्या ओळीवर होतं. प्रत्येक जबाबाच्या शेवटी असते ती ओळ, आम्ही ती डोळे झाकून लिहितो. तिनं ती मोठ्यानं वाचली.

“‘हा जबाब मी वाचून पाहिला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.’” मग माझ्या हातातलं पेन घेतलं. “बरोबर हाय का? तुमीच सांगा.”

शेजारच्या खाटेवरची बाई आमच्याकडं बघत होती.

“बरोबर आहे,” मी म्हणाले.

तिनं सही केली.