हाकेला ओ

छावणीतल्या लष्करी रुग्णालयात माझी बदली झाली तेव्हा मी सैनिकी परिचर्या सेवेत लेफ्टनंट होते. लग्न व्हायचे होते. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत. पावसाने सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. एकीकडे नव्या वसाहती उभ्या राहत होत्या आणि क्रांती चौकापलीकडे टँकरभोवती हंडे लागत होते. माझी ड्यूटी सकाळी सुरू होई. थर्मामीटर, ड्रेसिंग, राऊंड, रिपोर्ट. मला ते आवडे. तिथे प्रत्येक गोष्टीला वेळ ठरलेली होती आणि विचारले की उत्तर मिळत असे.

रेवा, अनय, मागे तुम्ही फोनवर विचारलेत की आजी लहानपणाबद्दल काहीच का सांगत नाही. ते सांगितल्याशिवाय पुढचा प्रसंग कळणार नाही, म्हणून थोडक्यात लिहिते.

आई गेल्यावर मी पाचोडला काकांकडे वाढले. बाहत्तरच्या दुष्काळात विहिरींच्या तळाशी एखादा झरा तेवढा उरला होता. घरातले सर्वांत हलके पोर दोराने खाली सोडायचे आणि त्याने वाटीवाटीने घागर भरायची. हे घरोघरी चाले. इतर मुलींच्या आया काठावर बसून सारख्या बोलत असत, "भरली का गं? हात सांभाळ." माझे काका बोलत नसत. पाणी गढूळ आले की घागर ओढून घेत आणि दोर वरच ठेवत. मी हाका मारी. विडीचा वास खाली येई, म्हणजे ते तिथेच असत. ओ मात्र देत नसत. कधी कधी दुपार उलटून जाई. पुढे आत्याने मला शहरात आणून इंग्रजी शाळेत घातले, आणि मी पाचोडचे नाव काढणे बंद केले.

त्या उन्हाळ्यात शेजारच्या युनिटने छावणीमागच्या एका जुन्या विहिरीचा गाळ काढायला घेतला. एका दुपारी वॉर्डात फोन आला.

"विहिरीची भिंत आत कोसळलीय. एक माणूस खाली, जिवंत. ॲम्ब्युलन्स पाठवा."

डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. नर्सिंग असिस्टंटला घेऊन मी निघाले.

काठावर हवालदार शेळके होते. "नाईक भागवत घुले, मॅडम. दोन्ही पाय शिळेखाली. बोलतोय. क्रेन निघालीय, पण येळ लागंल."

"तोवर सलाइन लावायला हवे. कोण उतरेल?"

शेळक्यांनी माझ्या नर्सिंग असिस्टंटकडे पाहिले. तो तालमीतला गडी होता. "ह्यो उतरला तर उरलेली भिंतबी उतरंल."

कुणीतरी हसले आणि लगेच थांबले. उतरण्याजोगी मीच होते, हे सगळ्यांना दिसत होते.

"हुकूम नाय, मॅडम," शेळके हळू म्हणाले. "नाय म्हणलात तरी कुणी बोल लावणार नाय."

मी दोर कमरेला बांधून घेतला.

तळाला पाय टेकले आणि माझा आवाज गेला. घुल्यांचे डोळे चिखलाने मिटले होते. "कोन हाय? कोन आलं?" ते विचारत होते, आणि मी हातभर अंतरावर गप्प उभी होते. हातातली पिशवी उघडता येईना. मी पुन्हा नऊ वर्षांची झाले होते, याहून वेगळे सांगता येत नाही.

तेवढ्यात वरून आवाज आला. मी हाक मारलेली नव्हती.

"मॅडम, शेळके बोलतोय. ऐकू येतंय का?"

मी मान वर केली.

"मॅडम, शेळके. मी काठावर हाय, हालत नाय. ओ द्या."

"ओ," मी म्हणाले. मग घुल्यांना म्हणाले, "मी सिस्टर. तुमच्यापाशीच आहे."

"बाईमाणूस?" ते म्हणाले. "हवालदारसाब, सोत्ता उतरायचं सोडून बाईला धाडलं व्हय?"

"मी उतरलो असतो तर तुझा चुरा झाला असता, गाढवा," वरून उत्तर आले. "गुमान पडून ऱ्हा."

मी शीर शोधली, सलाइन लावले, इंजेक्शन दिले, डोळे धुतले. घुले थोड्या थोड्या वेळाने विचारत, "मॅडम?" मी म्हणे, "आहे." मग वरून शेळके, "मॅडम?" मी म्हणे, "ओ." क्रेन येईपर्यंत आम्ही तिघे एवढेच बोलत राहिलो.

शिळा निघाली, घुले वर आले, आणि संध्याकाळी वॉर्डात त्यांनी प्राण सोडला. बराच वेळ चिरडलेले पाय मोकळे झाले की त्यांतले विष रक्तात उतरते. त्या काळी त्यावर फारसा इलाज नव्हता. रिपोर्ट मी लिहिला.

काही दिवसांनी शेळके वॉर्डाबाहेर भेटले तेव्हा मी त्यांना पाचोडची विहीर सांगितली. आयुष्यात पहिल्यांदा. "लेकराला ओ द्यायला काय जोर लागतो?" एवढेच ते म्हणाले. पुढे मी ते तुमच्या आजोबांना सांगितले, फार उशिरा एका डॉक्टर बाईंना, आणि आता तुम्हाला. दर वेळी थोडे हलके झाले. पूर्ण बरे झाले असे म्हणणार नाही. अजूनही विडीचा वास आला की मी तिथून उठते.

पण हे लिहायला बसले ते नाईक घुल्यांसाठी. त्यांची आई दुसऱ्या दिवशी गावाहून आली. अपघात कसा झाला, हे तिने विचारले नाही.

"बाई, त्याला बारीकपनापास्नं एकट्याचं लई भ्या. हाका मारल्या असतील त्यानं."

"मारल्या."

"कुनी ओ दिली का?"

"दिली. दर वेळी."

तिने मान हलवली. चादर बाजूला करून त्यांच्या कपाळावर हात ठेवला.

"भागवता," तिने हाक मारली. थोडी थांबून पुन्हा, "भागवता."

दाराशी शेळके सावधान उभे होते.

"ओ, माय," ते म्हणाले.