साडूभाऊंचा उजवा अंगठा

सुरत शहरात घाबरण्याचं काम जर कोणी मन लावून, एकही सुट्टी न घेता करत असेल, तर ते माझे साडूभाऊ. बाकीची माणसं प्रसंग आला की घाबरतात. साडूभाऊ प्रसंगाची वाट पाहत नाहीत. कुकर गॅसवर चढला की ते घरातल्या सगळ्यांना गॅलरीत नेऊन उभं करायचे आणि तिसरी शिट्टी झाल्याशिवाय कोणाला आत येऊ द्यायचे नाहीत. संक्रांतीला, म्हणजे इथल्या उत्तरायणाच्या आठवड्यात, पतंगाच्या मांजाला भिऊन स्कूटर कुलपात ठेवतात, गळ्याला मफलरचे तीन वेढे देतात आणि पायी कामावर जातात. नवा पदार्थ समोर आला की आधी मला खायला लावतात. मग अर्धा तास माझ्या तोंडाकडे निरखून पाहतात आणि हळूच विचारतात, "गुरुजी, काही होतंय का?" मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षक असल्यामुळे ते मला गुरुजी म्हणतात. माझ्यावर प्रयोग करताना मात्र हा आदर त्यांच्या आड येत नाही.

तापीला एकदा पूर आला होता तेव्हापासून त्यांच्या माळ्यावर एक पिशवी कायम भरलेली असायची. तिच्यात कागदपत्रं, टॉर्च, दोरी, फुटाणे आणि शिट्टी. ही पिशवी ते लग्नालाही बरोबर आणायचे. माझ्याच लग्नात नवरदेवाकडचे लोक जेवायला बसले, तर हे मांडवाचे खांब हलवून पाहत फिरत होते. त्यातला एक खरंच सैल निघाला. तेव्हापासून त्यांना हसायचं की त्यांचं ऐकायचं, हे आमच्या घरात कोणालाच ठरवता आलेलं नाही.

याला कारण आहे, आणि ते त्यांच्या पोटापाण्याच्या कामात आहे. साडूभाऊ तरुणपणी पारोळ्याकडून सुरतेला आले आणि गेली बत्तीस वर्षं शहराबाहेर कडोदऱ्याच्या एका कारखान्यात लूम मास्टर, म्हणजे मागांची देखभाल करणारे, आहेत. पाण्याच्या फवाऱ्यानं धागा ओढणारी जपानी मशीनं त्यांच्या हाताखाली. मशीन बिघडायच्या आधी त्याचा आवाज बदलतो, तो ओळखणं हेच त्यांचं काम. जन्मभर बिघाडाचा कानोसा घेत बसलेल्या माणसाला पुढेपुढे सगळं जगच बिघडायच्या बेतात आहे असं वाटू लागलं, तर त्याला दोष कसा द्यायचा? लिफ्टमध्ये ते शिरत नाहीत. दोर कोणी तपासला, हा त्यांचा प्रश्न असतो, आणि खरं सांगायचं तर तो कोणीच तपासलेला नसतो.

अशा माणसाच्या पोटी आमची भाची जन्माला आली. एकुलती एक, हुशार, बापाच्या कारखान्यात पोटऱ्यांपर्यंत पाण्यात उभी राहून मशीन समजून घेणारी. सुरतेतच कापडाचं इंजिनिअरिंग शिकली आणि गेल्या वर्षी तिला नोकरी लागली ती थेट जपानात, लूम बनवणाऱ्या कारखान्यात. मला वाटलं साडूभाऊ पेढे वाटतील. ज्यांची मशीनं पुसण्यात उमर गेली, त्यांनीच पोरीला बोलावलं होतं. साडूभाऊंनी पत्र वाचलं, चार घड्या करून पुराच्या पिशवीत ठेवलं आणि मला म्हणाले, "तिथं जमीनच हलते, गुरुजी. माणसानं पाय कुठं ठेवायचा?" नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. उत्तर सोमवारपर्यंत कळवायचं होतं आणि बाप हो म्हटल्याशिवाय जाणार नाही, असं भाची बोलून बसली होती. घरात जेवताना ताटांचे आवाज तेवढे येत.

त्यांचं मन जरा सैल व्हावं म्हणून माझ्या बायकोनं, म्हणजे भाचीच्या मावशीनं, शनिवार-रविवार तिथल नावाच्या गावी समुद्राकाठच्या एका रिसॉर्टवर जायचं ठरवलं. साडूभाऊ समुद्रापासून सर्वांत लांबची खोली मागून घेऊन तिच्यात बसले. पण रिसॉर्टच्या पैशांत एक गोष्ट धरलेली होती: धरमपूरच्या बाजूला डोंगरातल्या जंगलातून चार चाकांच्या बाईकवर फेरी, सोबत वाट दाखवणारा माणूस. भाचीला जायचं होतं. साडूभाऊ अर्थातच नको म्हणाले. तेव्हा तिनं आम्हा सगळ्यांदेखत त्यांना सांगितलं, "पप्पा, तुम्ही माझ्यासोबत ही एक फेरी मारा. मग सोमवारी तुम्ही नाही म्हणालात तर नाही. मी रडणार पण नाही."

 पोरीला घरी ठेवण्याचा हक्क साडूभाऊंना अर्ध्या तासाच्या भीतीत मिळत होता. त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली.

डोंगराच्या पायथ्याशी पत्र्याच्या शेडखाली त्या बाईका उभ्या होत्या. वाट दाखवणारा चाळिशीचा, तिथल्याच पाड्यावरचा, शांत माणूस. साडूभाऊ आधी गाडीखाली आडवे झाले. चेन पाहिली, ब्रेक दाबून पाहिले, चारी टायरांवर कान ठेवला. हा तपास संपेपर्यंत तो माणूस दोन विड्या ओढून मोकळा झाला. उठताना साडूभाऊंच्या तोंडावर मी चक्क समाधान पाहिलं. गाडी बरी ठेवली आहे, म्हणाले. मग तो शिकवू लागला: उजव्या मुठीजवळ अंगठ्याखाली एक पट्टी आहे, ती दाबली की गाडी पळते, अंगठा उचलला की मंद होते. चालवणार मीच, असं साडूभाऊंनी जाहीर केलं, कारण दुसऱ्याच्या हातावर त्यांचा भरवसा नाही. भाची मागे बसली. माझी आणि साडूभाऊंची बायको, दोघी बहिणी, शेडमध्ये चहा घेत थांबल्या. पुढे तो माणूस, मध्ये बापलेक आणि शेवटी एकटा मी. साडूभाऊंना मी आजवर इतकं चिडवलं होतं की मला नाही म्हणायला तोंडच उरलं नव्हतं. भीती मलाही वाटत होती, हे आता सांगायला हरकत नाही.

वाट लाल मातीची, एका बाजूला साग आणि दुसरीकडे दरी. दरीत झाडांचे शेंडे दिसत, बुंधे दिसत नसत. साडूभाऊंनी अंगठा इतका हलका ठेवला होता की एक म्हैस आम्हाला मागे टाकून निघून गेली. इंजिनाचा आवाज डोंगरावर आपटून परत येई आणि आपल्यामागून आणखी कोणी येतंय असं वाटे. मी दोनदा मागे वळून पाहिलं. बांबूच्या गर्दीत उजेड कमी झाला, गार झालं, आणि वाट चढू लागली. साडूभाऊंची पाठ मला समोर दिसत होती. ती जराही हलत नव्हती. माणूस इतका ताठ बसलेला मी फक्त फोटोत पाहिला आहे.

चढ संपला तिथं वाटेला फाटा फुटला. सरळ गेलेली वाट पावसात वाहून गेली होती, पुढे नुसती हवा होती. तो माणूस डावीकडे वळून थांबला, हात वर केला आणि ओरडला, "काका, डाबे. डाबे लो." गुजरातीत डाबे म्हणजे डावीकडे. हे सुरतेतल्या कुठल्याही रिक्षावाल्याला विचारा, साडूभाऊ गेली बत्तीस वर्षं हाच शब्द वापरून त्याला घराकडे वळवतात. पण भीतीनं माणसाचा कान गावी जातो. साडूभाऊंना मराठी ऐकू आलं. तो दाबा म्हणतोय, दाबून घ्या म्हणतोय, असं वाटून त्या आज्ञाधारक माणसानं जन्मात पहिल्यांदा अंगठा पुरा दाबला.

गाडी सरळ उसळली. मागून भाची किंचाळली, "पप्पा, डाबे." आता पोटची पोरगीही तेच सांगते आहे म्हटल्यावर त्यांनी आणखी जोर लावला.  पुढच्या क्षणी भाचीचे दोन्ही हात बापाच्या काखेखालून पुढे आले. एका हातानं तिनं त्यांचा अंगठा पट्टीवरून उचलला आणि दुसऱ्यानं डावी मूठ ओढून गाडी डावीकडे वळवली. गाडी बांधावर चढली आणि पुढचं चाक हवेत ठेवून बांबूच्या बेटात अडकली. मागच्या चाकापासून कडा दोन हातांवर होता. सुटलेले दगड खाली जाताना बराच वेळ ऐकू आले.

तो वाट दाखवणारा माणूस मटकन खालीच बसला. साडूभाऊ हळूच माझ्याकडे वळले आणि विचारते झाले, "दाबा म्हणाला ना तो?" मी डाबेचा अर्थ सांगितला. त्यांनी मान हलवली. त्यांना तो माहीत होताच. भाची हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. परतीला गाडी तिनं चालवली, साडूभाऊ मागे बसले, आणि पिशवी बांबूतच राहिल्याचं आमच्यातल्या कोणाच्या लक्षात आलं नाही. पत्र तिच्यातच होतं.

संध्याकाळी तिथलच्या काळ्या वाळूवर आम्ही बसलो. मी आता नकाराची तयारी ठेवली होती. इतकं होऊन कोणता बाप पोरीला पाठवेल? फेरी झाली होती, हक्क त्यांचा होता. भाची समुद्राकडे तोंड करून बसली होती. साडूभाऊ मला हळू आवाजात म्हणाले, "ती घाबरून ओरडली, गुरुजी, अन् माझी पोर काय सांगते तेच मला कळलं नाही."  आमच्या पोरांना स्वप्नंही गुजरातीत पडतात, हे आम्हा सगळ्यांनाच ठाऊक असतं, पण असं समोर येत नाही. मग ते उठले, लेकीजवळ गेले आणि घरात बोलतात त्या अहिराणीत म्हणाले, "तुले बराबर ऐकू येस. तू जाय, माय."

एवढंच बोलले. पाणी पायांपर्यंत आलं तरी मागे सरकले नाहीत, याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं. माणसाची एक भीती दुसरीला गिळून टाकते तेव्हा तो धीट दिसतो, पण तो धीट झालेला नसतो.

भाचीला जाऊन आता आठ महिने झाले. कुकर लागला तरी साडूभाऊ घरातच बसून राहतात, पोर नाही तर बाहेर कोणाला काढायचं? मला ते बरं वाटत नाही. परवा रविवारी गेलो तर ते चष्मा लावून एका वहीत डोकं घालून बसले होते. मोबाईलवर ऐकून ऐकून त्यांनी देवनागरीत जपानी शब्द उतरवले होते. डावीकडे, हिदारी. थांब, तोमारे. भूकंप, जिशिन. वाचवा, तासुकेते. मी म्हटलं, जायचं ठरवलेलं दिसतंय. ते दचकले. विमानात बसणं त्यांच्यानं या जन्मी होणार नाही, असं म्हणाले. मग हे कशाला, असं मी विचारलं.

साडूभाऊंनी वहीवरून हात फिरवला. म्हणाले, "चार-पाच वर्षं तिथं राहिली की मग घाबरली तर तिकडच्याच बोलीत ओरडेल ना ती. फोनवर मला कळायला नको?"

मी त्यांच्या हातातून वही घेतली, माझ्याकडे धरली आणि शाळेत विचारतो तसा एकेक शब्द विचारू लागलो. त्यांचा एकही चुकला नाही.