स्तनाखालचा लाल चट्टा

धुलाईखान्यात सगळे तिला इंजिन म्हणत. बावीस वर्षं ती वाफेच्या इस्त्रीपाशी उभी होती. घामाने निथळायची, पण तोंडाचा पट्टा काही थांबायचा नाही. त्या उन्हाळ्यात मात्र इंजिन गप्प झालं.

आंघोळ करताना तिला डाव्या स्तनाखालच्या घडीत लाल चट्टा दिसला होता. ओलसर, कडेला बारीक पुरळ, आणि खाज अशी की जीव नकोसा व्हावा. आठवड्याने तसाच उजवीकडे उठला, मग जांघेत. थोरली बहीण छातीच्या कॅन्सरने गेली होती, आणि तिचंही कातडी लाल होण्यापासूनच सुरू झालं होतं. बहिणीने कोणाला काही सांगितलं नव्हतं.

हिनेही सांगितलं नाही. कडक साबणाने घासून बघितलं. दुकानातून खाजेच्या मलमाची ट्यूब आणली. चार दिवस लाली दबली, मग चट्टे दुपटीने पसरले, कातडीला भेगा पडल्या. कोणाला लागण होईल या धास्तीने तिने स्वतःचा टॉवेल वेगळा केला, नातीला कडेवर घेणं बंद केलं.

एका दुपारी नात हात पसरून आली आणि आजी मागे सरकली. सुनेने पोरीला खेळायला बसवलं आणि दार लोटलं.

"आई, माझं काही चुकलं का?"

"तुझं नाही गं."

"मग हिला जवळ का घेत नाही?"

तिने बटणं काढली. सुनेचाही चेहरा उतरला, पण आवाज तिने हलू दिला नाही. "चला. आत्ताच जाऊ डॉक्टरीणबाईंकडे."

डॉक्टरीणबाईंनी काय काय लावलं ते विचारलं, चट्टे पाहिले, मग दोन्ही स्तन, काखा दाबून पाहिल्या. तेवढ्या वेळात तिला बहिणीचे शेवटचे दिवस एकेक करून आठवले.

"गाठ लागत नाही," बाई म्हणाल्या.

"मग हे काय आहे?"

"घडीत घाम साठतो, कातडीवर कातडी घासते, वारा लागत नाही. तिथे बुरशी धरते. कधी जंतू असतात, कधी सोरायसिस, कधी साबण सोसत नाही. तुमची बुरशी दिसतेय; जवळ घेतल्याने ती कोणाला लागत नाही. दुकानातल्या त्या मलमात स्टेरॉइड असतं, खाज दबते पण बुरशीला रानच मोकळं मिळतं." मग त्यांनी विचारलं, "तहान फार लागते का?"

लागत होती. वाफेचा दोष म्हणून तिने सोडून दिलं होतं. बाईंनी बोटातून रक्ताचा थेंब काढून साखर मोजली, आकडा आला. तो त्यांनी पुन्हा एकदा तपासला.

"साखर बरीच वाढलीय. म्हणून बुरशीचं फावतंय."

"म्हणजे आगीतून फुफाट्यात," ती पुटपुटली.

बुरशीच्या मलमाने, घड्या कोरड्या ठेवल्याने, साखर उतरवायच्या गोळ्यांनी चट्टे महिनाभरात फिकटले. बहिणीचं कळल्यावर बाईंनी स्तनांचा एक्स-रे, म्हणजे मॅमोग्राफीही, करायला लावली होती. अहवाल यायला तीन दिवस लागले.

दवाखान्याच्या बाकावर सुनेने कागद वाचून दाखवला. "काही नाहीये, आई. स्वच्छ आहे."

"परत वाच."

सुनेने परत वाचला. तिने कागदाची घडी घालून पदराच्या गाठीत बांधली. "चल, पोरगी वाट बघत असेल."