उसाच्या ट्रॉलीची गोधडी

निमगाव केतकीहून मी रोज स्कूटीवर इंदापूरला जाते. तिथल्या एका मेडिकलच्या दुकानात कामाला आहे. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की माझ्यापुढे ट्रॅक्टर आणि मागे जोडलेल्या उसाच्या दोन ट्रॉल्या, हे ठरलेलंच. ऊस दोन्ही बाजूंनी इतका बाहेर आलेला, की पुढचा रस्ता दिसत नाही. गाणी इतक्या मोठ्यानं लावलेली, की माझा हॉर्न कुणाला ऐकू जात नाही.

घरी आले की मी हे सगळं सासूबाईंना ऐकवायची. आमचं भांडण कधीच नव्हतं, पण एकमेकींशी बोलायला विषयही फारसा नव्हता. त्या कडेला बसून गोधडी शिवत असायच्या. एके दिवशी हातातली सुई थांबवून म्हणाल्या, "रोज त्येच त्येच सांगतीस. आता मलाबी ट्रॅक्टर दिसाय लागल्यात. बस हितं, गोधडीवर काढ तुझी ट्रॉली."

मला वाटलं, चिडल्या. पण त्यांनी खरंच गाठोडं सोडलं. उसासाठी त्यांची जुनी हिरवी साडी निघाली, चाकांसाठी मोडक्या छत्रीचं कापड. बाजारातल्या शिंपीचाचांनी ट्रॅक्टरला लाल मखमलीचा तुकडा दिला आणि कशाला हवाय ते ऐकून इतके हसले, की वर पिवळाही दिला.

मी एका कोपऱ्यातून ट्रॉली लावायला घेतली. ऊस संपेचना. तो चारी कडांनी फिरत गेला आणि शेवटी मला स्कूटीसाठी वीतभर जागा उरली. हेल्मेट घातलेली मी, तोंड हे एवढं उघडं. सासूबाईंनी निरखून बघितलं आणि ट्रॅक्टरच्याही पुढे पिशवी घेऊन चाललेली एक म्हातारी शिवली.

"ही कोण?" मी विचारलं.

"मी. बाजार करून माघारीबी आले, तू अजून तितंच!"

हसता हसता माझ्या बोटात सुई घुसली. मग त्यांनी दोन्ही पंजांनी कान झाकलेलं कुत्रंही काढलं. माझे टाके वाकडे यायचे. त्या ते उसवायच्या नाहीत, शेजारी आपला टाका घालून दाखवायच्या.

पुढे बारामतीत बायकांच्या हातकामाचं प्रदर्शन होतं. मीच हट्टानं गोधडी नेली आणि सासूबाईंनाही. सुरुवातीला त्या खुर्चीत अंग चोरून बसल्या. तेवढ्यात एक जोडपं थांबलं. त्यातल्या माणसानं चाकांवर बोट फिरवलं आणि बायकोला म्हणाला, "अगं, ह्यो आपलाच ट्रॅक्टर की!" तो खरोखरच ऊस वाहणारा ड्रायव्हर निघाला. आता हा रागावणार, असं मला वाटलं.

तो माझ्याकडे वळला. "ताई, ही मागं बोंबलतीय ती तुमी का?"

"व्हय, माझी सून हाय ती," सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "आन् ही म्होरं मी."

"आजी, तुमाला कट मारायला आमाला बी जमायचं न्हाय," तो म्हणाला, आणि दोघं नवरा-बायको पोट धरून हसली. पुढं दुपारभर सासूबाई येईल त्याला कुत्र्यापासून म्हातारीपर्यंत सगळं समजावत होत्या. इतकं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. एका बाईंनी गोधडी विकत मागितली, तेव्हा मात्र सासूबाईंनी गोधडीवर हात ठेवला.

"इकायची न्हाय. माझ्या सुनंनं केलीया."

निम्म्याहून जास्त टाके त्यांचे होते. मी तसं म्हणायला गेले, तर त्या पुढच्या बाईला कुत्रं दाखवायला लागल्या होत्या. परतीच्या एसटीत गार वारं लागत होतं. त्यांनी पिशवीतून गोधडी काढली, दोघींच्या मांडीवर पसरली आणि माझ्या बाजूला जरा जास्त ओढून दिली. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.