पत्रे काढलेली घरं

जिल्हा नवा झाला तेव्हा सगळ्यात आधी पाट्या रंगवल्या गेल्या. आमच्या कार्यालयाच्या पाटीवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव खरवडून त्यावर ‘लातूर’ लिहिलं होतं. पेंटरने हात राखून काम केलं होतं, त्यामुळे उन्हात खालचं नावही वाचता यायचं. भाड्याच्या घरात आमचं नगररचनेचं कार्यालय भरायचं. स्वयंपाकघरात नकाशे आणि माजघरात साहेब. खुर्च्या कमी, म्हणून मी उभ्यानेच काम करायचो. नकाशे गिरवणाऱ्या ट्रेसरला तसंही वाकून उभंच राहावं लागतं.

नव्या जिल्ह्यात सगळेच बाहेरून आलेले. शनिवारी दुपारी जो तो पिशवी उचलून एसटी स्टँड गाठायचा. माझं गाव कंधारकडचं. आई गेलेली, लग्न झालेलं नाही. त्यामुळे रविवारी गंजगोलाईच्या मागच्या माझ्या खोलीत मी आणि पाण्याची रिकामी घागर, एवढेच उरायचो. खानावळही रविवारी संध्याकाळी बंद असायची. सोमवारपर्यंत एक शब्दही तोंडातून निघायचा नाही आणि सोमवारी पहिल्यांदा बोललो की स्वतःचाच आवाज घोगरा वाटायचा. एकटेपणाची सवय होते असं सांगणाऱ्या माणसाला मी खोटारडा समजतो.

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. मांजरा नदी कोरडी, नळाला आठवड्यातून एकदा पाणी. आणि अशा गावाचा आम्ही पुढच्या वीस वर्षांचा विकास आराखडा करत होतो. कुठे वस्ती, कुठे बाजार, कुठे शाळा, कुठे बगीचा, हे सगळं आधी कागदावर ठरायचं. त्यासाठी आज कुठे काय आहे ते जागेवर जाऊन बघायचं आणि नकाशावर खूण करायची, हे काम माझ्याकडे होतं. खुणांची यादी दिलेली होती: पक्कं घर, कच्चं घर, दुकान, शेत, विहीर, मोकळी जागा. छप्पर नसेल तर घर धरायचं नाही, असं साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. नुसत्या चार भिंती उभारून लोक जागा अडवतात, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

औशाच्या रस्त्याला, गाव संपतं तिथे, भर दुपारी मी पोचलो. रस्त्यापासून जरा आत आठ घरांच्या भिंती उभ्या होत्या. छप्पर एकावरही नव्हतं. दारंही नव्हती. माणूस नाही, कोंबडी नाही, कुत्रंसुद्धा नाही. मी एका घरात शिरलो. चूल होती, तिच्यावर कोणीतरी निघताना पोतेरं फिरवलेलं होतं. भिंतीला निळीचा हात दिलेला होता आणि कोनाड्याच्या वर एक चौकोन जास्त उजळ राहिला होता. तिथे फोटो असायचा आणि जाताना तो सोबत नेला होता, हे मला लगेच कळलं. तो फोटो कुणाचा तेही कळलं. आमच्याही घरात त्याच उंचीवर तसाच चौकोन होता.

खरं सांगायचं तर मला सगळंच कळलं होतं. मी नांदेडला कॉलेजात होतो तेव्हाच्या दुष्काळात एकदा सुटीला घरी गेलो, तर आमच्या घरावर पत्रे नव्हते. हातात ट्रंक घेऊन मी स्वयंपाकघरात उभा, आणि डोक्यावर सरळ आभाळ. आई-वडील मेले असंच मला वाटलं. मी तिथेच चुलीशी बसून मोठ्याने रडलो. मग शेजारच्या म्हातारीने सांगितलं, तळ्याच्या कामावर गेलेत. मी चालत तिथे गेलो. तळ्याच्या काठावर आमचेच पत्रे उभे-आडवे लावून वडिलांनी खोप केली होती. प्रत्येक पत्र्यावर त्यांनी गेरूने फुली मारलेली, दुसऱ्याच्या पत्र्यांत मिसळू नयेत म्हणून. मला बघून ते हसले. “रडून राहिला कामून? घर तं हाय की तिथंच. पत्रे तेवढे संगं आनले.”

आमच्याकडे काम शोधत बाहेर पडणारी माणसं अशीच निघतात. पत्रे मागे ठेवले तर चोरीला जातात आणि सोबत नेले तर कामाच्या जागी आडोसा होतो. परत आले की त्याच भिंतींवर, त्याच भोकांतून तेच खिळे. हे साहेबांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. मला माहीत होतं. पण ऊन मरणाचं होतं, माझ्याजवळचं पाणी संपलं होतं, आणि यादीत त्या घरांसाठी खूण नव्हती. मी आठही घरांवरून पेन्सिल फिरवली आणि लिहिलं, मोकळी जागा. परत जाऊन एक टिपण लिहायचं मनात होतं. ते मनातच राहिलं.

पुढे आराखडा तयार झाला तेव्हा गावाच्या त्या टोकाला बगीचा हवा होता आणि तिथे मोकळी जागा आयतीच होती. प्यायला पाणी नाही त्या गावात आम्ही बगीचा काढत होतो, आणि त्यात हिरवा रंग मीच भरला. रंग छान बसला होता. साहेबांनी कौतुक केलं.

त्याच उन्हाळ्यात वडील माझ्याकडे राहायला आले. गावची विहीर आटली होती म्हणून मीच बोलावलं होतं. ते दिवस मला अजून सुखाचे वाटतात. ते टँकरच्या रांगेत घागर लावायचे, दुपारी भाकरी थापायचे, आणि मी आलो की दिवसभरात कोण काय बोललं ते सांगायचे. रविवारी आम्ही दोघं गोलाईला चक्कर मारायचो. खोलीत बोलणारं माणूस असलं की खोली किती मोठी होते, ते मला तेव्हा कळलं. मी त्यांच्यासाठी बाजही विकत आणली. आता इथेच राहा म्हणालो. ते हो म्हणाले नाहीत, पण बाजेच्या सुंभाची वीण त्यांनी स्वतः ताणून घेतली.

आराखड्यावर हरकती आल्या आणि सुनावणीचे दिवस लागले. माजघरात टेबलं जोडून साहेब आणि समितीची मंडळी बसायची, भिंतीवर नकाशा, आणि नकाशाशेजारी काठी घेऊन मी. ज्याची हरकत, त्याची जागा काठीने दाखवायची. बहुतेक लोक प्लॉटवाले, सोबत वकील. चौथ्या दिवशी औसा रोडच्या आठ घरांचा पुकारा झाला. ऊसतोडीवरून परतल्यावर त्यांना बगीच्याची बातमी कळली होती आणि मुदत संपायच्या दिवशी त्यांनी अर्ज दिला होता. वकील नव्हता. त्यांच्यातली वयाने मोठी एक बाई पुढे आली. दोन माणसांनी तिच्या मागून एक जुना पत्रा आत आणला आणि टेबलाला टेकवून ठेवला.

“हे काय आहे?” साहेबांनी विचारलं.

“आमचं घर हाय, साहेब. बगीचा दुसरीकडं करा. आमी हितं लई वर्सं ऱ्हातो.”

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी घरपट्टीची पावती विचारली, ती नव्हती. सातबारा विचारला, तोही नव्हता. मग त्यांनी समजावून सांगितलं की पाहणी झाली तेव्हा ही जागा मोकळी होती, आणि आराखडा जाहीर झाल्यावर तिथे आठ घरं दिसायला लागली. याला आम्ही अतिक्रमण म्हणतो, बाई.

“पत्रे आमी संगं नेले हुते. तोडीला जाताना नेतोच. ह्ये भोकं बघा की, किती डाव खिळा ठोकलाय. नव्या पत्र्याला आशी भोकं असत्यात का?”

पत्र्याच्या कडेला भोकांची अख्खी रांग होती, काही इतकी मोठी झालेली की खिळ्याखाली रबरी चपलेचा तुकडा घालावा लागला असेल. कोपऱ्यात गेरूने तीन टिंबं काढलेली होती. मी वडिलांची फुली ओळखतो तशी ती टिंबं त्या घरातलं लेकरूही ओळखत असणार. साहेबांनी पत्र्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “जागेवर तुम्ही गेला होतात. काय होतं तिथं?”

आठ घरं राहणार की जाणार, ते आता माझ्या तोंडच्या शब्दावर आलं होतं. एवढंच सांगायचं होतं: भिंती होत्या, चुली होत्या, पोतेरं फिरवलेलं होतं, आणि ही रीत मला माहीत आहे, कारण आमच्याही घराचे पत्रे असेच निघतात. पण माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. पाहणीत चूक केली हे साहेबांच्या तोंडावर, समितीसमोर कबूल करायचं होतं. आणि दुसरी गोष्ट सांगायला जास्त लाज वाटते. कार्यालयात मी कोणालाही माझं घर कसलं, कुठल्या वस्तीतलं होतं ते सांगितलेलं नव्हतं.

“मोकळी जागा होती, साहेब,” मी म्हणालो.

बाईने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. मी दुसऱ्याच कुठल्या जागेबद्दल बोलतोय आणि आता चूक दुरुस्त करेन, अशा समजुतीने ती थांबली. मग त्या माणसांना म्हणाली, “उचला.” दारातून निघताना पत्रा चौकटीला घासला आणि त्याचा आवाज झाला. साहेबांनी पुढचा पुकारा केला.

संध्याकाळी वडिलांना मी सगळं सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. बहुधा, जाऊ दे, नोकरी महत्त्वाची, असं त्यांनी म्हणावं अशी माझी अपेक्षा होती. ते भाकरी थापत होते. त्यांनी एवढंच विचारलं, “चूल हुती का?”

“होती.”

“आन् तू मोकळी जागा म्हनला.”

“हो.”

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. “मंग आपलं बी घर मोकळी जागाच हुतं की रे.”

सकाळी मी उठलो तर त्यांनी गाठोडं बांधलेलं होतं. गावाकडे कामं पडलीत म्हणाले. विहीर आटलेल्या गावात कसली कामं? मी स्टँडपर्यंत गेलो, कंधारच्या गाडीत त्यांना जागा धरून दिली. गाडी निघेपर्यंत ते पुढच्या सीटकडे बघत बसले.

नंतर मी टिपण लिहिलं, खरंच लिहिलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, “हे त्या दिवशी का नाही बोललात? फाइल आता वर गेली.” त्यांनी ते टिपण फाइलच्या प्रतीला लावलं, इतकंच. हरकत फेटाळल्याच्या पत्रावर पत्ता माझ्याच अक्षरात गेला. पुढच्या हंगामात आठही घरं पत्रे काढून तोडीला गेली, आणि तेवढ्यात कोणीतरी त्या भिंती सपाट करून घेतल्या. ती माणसं परत आली की नाही, आली तर कुठे उतरली, हे मी कधी विचारलं नाही. बाज माझ्या खोलीत तशीच पडून राहिली. तिच्यावर मी कपडे वाळत घालायचो.

पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटीही पाऊस लांबलेलाच होता. वडिलांना आणायला मी गावी गेलो. आमच्या गल्लीत एकाही घरावर पत्रा नव्हता. सगळे कामावर निघून गेले होते. फक्त आमच्या घरावर पत्रे होते, आणि खाली, भट्टीसारख्या त्या घरात, वडील एकटे दाराला पाठ टेकून बसले होते. ओठ फुटलेले. घागरीत तळाला थोडं पाणी.

“चला बाबा,” मी म्हणालो. “पत्रे मी काढून देतो. लातूरला नेऊ.”

त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

“इथं कोणी नाही. एकट्याने काय करणार?”

“बसून ऱ्हातो,” ते म्हणाले. “मी गेलो आन् तुझ्यासारखा कुनी आला तं?”

मी घागर उचलली आणि पाणी कुठे मिळतंय ते बघायला गल्लीतून निघालो.